आईच्या कॉम्प्युटरला दिलेलं खोटं उत्तर

माझी आई भांडुपला शाळांचे बिल्ले शिवते. गणवेशाच्या खिशावर असतात ना, ते. मधे समई नाहीतर कमळ आणि खाली गोलाकार शाळेचं नाव. घराला लागूनच तिचा गाळा, त्यात भरतकामाची एक मोठी मशीन आहे आणि शेजारी एक कॉम्प्युटर होता. वीसेक वर्षांत केलेलं प्रत्येक डिझाइन त्या कॉम्प्युटरमध्ये. मे महिन्यात, शाळा उघडायच्या ऐन तोंडावर, तो मेला. जळका वास आला आणि खेळ खलास.

"मशीन विकून टाकतंय," आई फोनवर म्हणाली. जुन्या मशिनी घेणारा माणूस तिने परस्पर ठरवूनही टाकला होता. तो रविवारी टेम्पो घेऊन येणार होता. फोन आला तो मंगळवार. आवाज एकदम साधा, जणू भाजी संपली म्हणून सांगतेय. पण मी ओळखते तिला. बाबा गेल्यावर याच मशीनने तिला सकाळी उठवलं होतं.

माझं डोकंच फिरलं. "अगं, मला विचारायचं तरी! मी काय रोज अंधेरीला गवत उपटायला जाते का?"

मी अंधेरीच्या एका कंपनीत हायपरवायझर लिहिते. म्हणजे काय, तर एका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात चार-पाच लटके कॉम्प्युटर चालवायचे आणि प्रत्येकाला वाटलं पाहिजे की आपणच खरे. आईचं डिझाइनचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती, सीडीचा पत्ता नव्हता, पण हार्ड डिस्क जिवंत होती. तिची नक्कल करायची आणि आमच्या लटक्या कॉम्प्युटरमध्ये चालवायची. दोन तासांचं काम, असं मी छातीठोकपणे सांगितलं. आठवडाभर घरून काम मागून घेतलं आणि भांडुपला जाऊन बसले.

दोन तास कसले! सॉफ्टवेअर सुरू व्हायचं, पडद्यावर घड्याळ फिरायचं आणि धाडकन बंद. बुधवार गेला. गुरुवारी मी त्या बंद पडलेल्या कंपनीला, जुन्या विंडोजला आणि सीडी हरवली म्हणून आईलाही भरपूर बोलून घेतलं. आईने माझ्यासमोर घावणे ठेवले आणि मशीनवरची धूळ पुसत राहिली. विकायची मशीन कोण पुसतं?

शुक्रवारी घोळ सापडला आणि मला हसावं की रडावं कळेना. सॉफ्टवेअरची चोरी होऊ नये म्हणून त्याला एक कुलूप होतं, कॉम्प्युटरच्या मागे खोचायचं. ते काढून मी माझ्या लॅपटॉपला लावलंही होतं. ते आहे का हे तपासताना सॉफ्टवेअर वेळ मोजायचं आणि त्यासाठी प्रोसेसरला त्याचा वेग विचारायचं. असे आकडे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यांत असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. लटक्या कॉम्प्युटरला खरे कप्पे नसतात. कुणी विचारलं की उत्तर आम्ही द्यायचं. आणि आम्हाला ठाऊक नसलेला कप्पा कुणी विचारला तर? गुपचूप शून्य सांगायचं, म्हणजे कटकट नको. आमच्या टीमचा हा नियम. आणि तो लिहिला कुणी? मीच! दोन वर्षांपूर्वी, त्याबद्दल शाबासकीसुद्धा घेतली होती. सॉफ्टवेअर बिचारं त्या शून्याने भागाकार करायला जायचं आणि मरायचं.

मी आईला सगळं जमेल तसं सांगितलं. तिने कपाळाला हात लावला.

"शून्य कित्याक सांगलंस गो? मुलीचा वय विचारल्यार लोक दोन वर्षां कमी सांगतत. शून्य कोण सांगता?"

मी इतकी हसले की खुर्चीवरून पडायची बाकी होते. ही बाई आमच्या टीममध्ये हवी होती, यार.

मग मी माझ्या नव्या लॅपटॉपचा वेग त्या कप्प्यात भरला. सॉफ्टवेअर मेलं नाही, पण "कुलूप सापडत नाही" म्हणून अडून बसलं. एवढ्या वेगाच्या हिशोबाने त्याचं वेळेचं गणितच चुकत होतं. त्याला त्याच्या जुन्या प्रोसेसरचाच आकडा हवा होता आणि तो प्रोसेसर तर जळून गेलेला. शनिवारी मी अंदाजाने आकडे टाकत बसले. एकही लागेना. संध्याकाळी मी लॅपटॉप मिटला आणि म्हटलं, "आई, वाट लागली. नाही जमत मला. सॉरी."

"तो आकडो बॉक्सार नसतलो?" आई म्हणाली.

"कसल्या बॉक्सवर?"

कॉम्प्युटरचा बॉक्स! घेतला त्या दिवसापासून तो माळ्यावर होता. आमच्या घरात खोका म्हणून कधी टाकलेला नाही. मिक्सरचा आहे, टीव्हीचा आहे, मोडून गेलेल्या इस्त्रीचाही आहे. या खोक्यात गणपतीच्या लाइटच्या माळा होत्या. रविवारी उजाडल्याबरोबर आईने स्टूल लावलं, मी वर चढले, माळा उपसल्या आणि खोक्याच्या कडेला पट्टी दिसली. पुसट होती, पण प्रोसेसरचं नाव आणि वेग वाचता येत होता. मी माळ्यावरूनच ओरडले.

त्या प्रोसेसरच्या कप्प्यात नेमकं काय असायचं ते जुन्या माहितीपत्रकात सापडलं. मी तेच उत्तर लिहिलं आणि लटक्या कॉम्प्युटरचं घड्याळही त्याच चालीने हळू केलं. तोवर टेम्पो दारात उभा. आईने त्या माणसाच्या हातात चहा दिला आणि म्हणाली, "पाच मिनिटां बस." मी बटण दाबलं. पडद्यावरचं घड्याळ फिरलं. फिरत राहिलं. आणि मग आईची यादी उघडली, वरपासून खालपर्यंत, एकेक शाळा.

आई पडद्यावर बोट फिरवत नावं वाचायला लागली. तिसऱ्या-चौथ्या नावाला तिचा आवाज अडखळला आणि मी दुसरीकडे बघितलं, कारण माझंही काही खरं नव्हतं.

"मशीन नाय देवची," तिने त्या माणसाला सांगितलं. "गाडी फुकट नेव नको. ह्यो डबो घेवन जा."

त्याने मेलेला कॉम्प्युटर उचलला. त्या डब्याच्या अंगावर वर्षानुवर्षांच्या दसऱ्याची हळद-कुंकवाची बोटं सुकली होती. दारात आईने त्याला थांबवलं, त्या डब्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "खूप केलंस रे बाबा माझ्यासाठी." मग तोच हात तिने कपाळाला लावला.

टेम्पो वळेपर्यंत ती उभी होती. मी डोळे पुसत होते तेवढ्यात पाठीत धपाटा बसला.

"रडत काय रवलंस? दोरो ओव. सोमवारचे बिल्ले रवलेत."