फळी भिंतीवर गेली

मी आज जो काही आहे तो आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंमुळे. दहावीनंतर मला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये क्रेट उचलायला लावायचं घरात ठरलं होतं. तेव्हा बाई आमच्या ओट्यावर येऊन बसल्या आणि वडील कॉलेजला हो म्हणेपर्यंत उठल्या नाहीत. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं लिहिताना विसर पडणार नाही.

लाकूड कोरून ठसे काढायला त्यांनीच शिकवलं. इंडोनेशिया, तैवान, जपानकडच्या असे ठसे काढणाऱ्या गटांशी त्यांची ओळख होती. तिकडे ज्यांच्या जमिनी जातायत ते शेतकरी, कारखान्यातले कामगार मिळून एकच मोठी फळी कोरतात आणि तिचे कापडावरचे ठसे घेऊन रस्त्यावर उतरतात. त्यातले इंडोनेशियाचे दोघे एकदा आमच्या निफाडला आले. शाळेच्या पडवीत प्लायवूडची भलीमोठी फळी आडवी टाकली. चहूबाजूंनी माणसं बसली आणि ज्यानं त्यानं आपल्या बाजूनं कोरलं, त्यामुळे चित्राला वर-खाली असं काही नव्हतंच. सही कुणाची नाही, फळी सगळ्यांची. हे नियम बाईंनीच सांगितले होते.

बाईंनी आपल्या बाजूला द्राक्षांचे घड कोरले. समोर आई आणि तिच्यासोबत द्राक्षं निवडणाऱ्या बायका बसल्या. पॅकहाऊसच्या संडासाला कुलूप असायचं आणि किल्ली मुकादमाच्या खिशात. बायका दिवसभर पाणी पीत नसत. त्यांनी स्वतःलाच कोरलं, आणि आईनं शेजारी हातभर लांब किल्ली.

"एवढी मोठी?" मी विचारलं.

"मुकादमाला चष्मा हाय," आई म्हणाली.

पाहुण्यांनी फळीला शाई लावली, वर मांजरपाटाचं कापड पसरलं आणि ठसा उमटावा म्हणून त्यावर अनवाणी चालायची खूण केली.

"नाचा म्हणत्यात," एक मावशी म्हणाली. "सोताच्या लग्नात नाय नाचले, आन् आता?" मग सगळ्यांत जास्त तीच नाचली.

पहिला ठसा पाहुण्यांबरोबर गेला. हंगामात दुसरा काढायचा आणि तो छतासारखा डोक्यावर धरून बायकांनी पॅकहाऊसच्या फाटकात बसायचं, किल्ली मागायची, असं ठरलं. तोवर फळी बाईंकडे ठेवली.

हंगाम सुरू झाला. मी फळी आणायला बाईंच्या शहरातल्या गंगापूर रोडच्या घरी गेलो.

"ती रिसॉर्टवर आहे," त्या म्हणाल्या.

रिसॉर्ट पॅकहाऊसच्या मालकाचंच. त्यानं तिथे चित्रांचं दालन काढलं होतं आणि त्याची व्यवस्था बाईंकडे दिली होती.

"बाई, फळी सगळ्यांची होती."

"अरे, माझ्याकडे वाळवी लागली असती. तिथे रोज लोक बघतात."

"पण ठसा काढायचाय. बायका वाट बघतायत."

"आता ती भिंतीवर ठोकलीय. काढा म्हणून मालकांना कोणत्या तोंडानं सांगू?"

मी जाऊन बघितली. घड सरळ दिसावेत अशी लावली होती. त्यामुळे बायका डोकं खाली, पाय वर. शेजारच्या पाटीवर एकच नाव होतं, बाईंचं.

बायका कापडाविना फाटकात बसल्या. दुसऱ्या दिवशी आईसकट सगळ्यांना कामावर येऊ नका म्हणून सांगितलं. कापड असतं तर निराळं झालं असतं, असं मी म्हणत नाही. पण त्या नुसत्या उन्हात बसल्या होत्या, हे माझ्या मनातून जात नाही.

त्याच आठवड्यात मी बाईंना पत्र पाठवलं.

"बाईंना नमस्कार.

तुम्ही आमच्या ओट्यावर बसला नसतात तर मी आज क्रेट उचलत असतो. ते मी कधीच विसरणार नाही.

आईचं काम गेलं. ती तुम्हाला दोष देत नाही, बाईंची काही अडचण असंल म्हणते. मी देतो.

फळी परत मागत नाही. मालक देणार नाही आणि तुम्ही मागणार नाही. एवढंच करा, ती फिरवून लावायला सांगा. काही दिवस घड उलटे राहू देत.

आम्ही नवी फळी घेतली आहे. कोण कुठे बसणार ते ठरलं. आई म्हणाली, बाईंना जागा ठेव. मी ठेवली नाही.

आपला विद्यार्थी"