दुपारी जेवल्यावर

ब्लड कॅन्सर म्हटलं की लोक आवाज खाली आणतात. त्यामुळे या आजारातले गमतीचे भाग कुणाला सांगायची सोयच राहत नाही आणि ते नुसते साठत जातात. माझ्याकडे सात वर्षांचे साठलेत. आज थोडे रिकामे करते.

आमचा कॅन्सर क्रॉनिक, म्हणजे जुनाट जातीचा. रोज एक गोळी घेतली की गप्प पडून राहतो. घर सोडत नाही पण भांडतही नाही, असा भाडेकरू. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, त्याचा एक आकडा येतो. आकडा खाली असला तर गोळी चाललीय. वर गेला तर भाडेकरू उठून बसलाय.

रिपोर्टच्या मंगळवारी ओपीडीत तीन तास बसावं लागतं. तिथेच आमचं त्रिकूट जमलं. मी विद्या, सुभानपुऱ्यात राहते, शाळेत केमिस्ट्री शिकवते. नागरवाड्याच्या माई, वय चौऱ्याहत्तर, ग्रंथालयातून रिटायर झालेल्या. आम्ही सगळे कॅन्टीनमध्ये अर्धा चहा मागतो, माई आखा मागतात, आणि तीन तासांत तीनदा. तिसरे वाडी भागातले गुजराती रमणभाई. त्यांचं लेस-बटणांचं दुकान आहे आणि मराठी शेजाऱ्यांमुळे मराठीही आहे, त्यांच्या पद्धतीचं.

नंबर कुणाचाही असो, आत आम्ही तिघं जातो. डॉक्टर मॅडमनी सुरुवातीला हरकत घेतली. मग त्यांनीच तिसरी खुर्ची मागवली.

* * *

या गोळीने माझे डोळे सुजतात आणि रंग उजळतो. दोन्ही साइड इफेक्ट. एका लग्नात नवऱ्याच्या मामेबहिणीने मला गाठलं.

"विद्या, किती गोरी झालीस! चेहरा पण भरलाय. काय लावतेस?"

"लावत नाही, गोळी घेते."

"कसली?"

"ब्लड कॅन्सरची."

तिने माझा हात हातात घेतला, डोळ्यांत पाणीबिणी आणलं. मग जेवताना शेजारची खुर्ची ओढून हळूच म्हणाली, "आमच्या प्रीतीला अर्धी चालेल का गं?"

* * *

गोळी भरल्या पोटी घ्यायची, मोठा ग्लासभर पाणी प्यायचं. माईंना महिन्याच्या दोन एकादश्या आणि एक चतुर्थी. त्यांनी मॅडमना विचारलं, "गोळी उपासाला चालते का?"

मॅडम गुजराती, पण नऊ दिवस नवरात्र करणाऱ्या. त्या म्हणाल्या, "माई, गोळीला उपास चालतो. पोट रिकामं नाही चालत."

तेव्हापासून माई एकादशीला साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी, वर केळं असं साग्रसंगीत जेवतात. एकादशी दुप्पट खाशी सगळेच करतात. डॉक्टरांनी तसं लिहून दिलेली ही एकच बाई.

* * *

गोळीने पायात गोळेही येतात. एका नवरात्रात रमणभाई गल्लीच्या गरब्यात फिरत होते. ऐन रंगात पोटरीत गोळा आला आणि ते एक पाय उचलून, हात वर धरून तसेच थांबले. मागच्या चार बायांना वाटलं, नवी स्टेप आहे. त्यांनी उचलली. त्यांच्या मागच्यांनीही उचलली.

रमणभाईंना ओट्यावर बसवून पाय चोळेपर्यंत अख्खं वर्तुळ लंगडत होतं. ती स्टेप त्या गल्लीत अजून करतात. "आ वर्षी तर ताळी पण टाकली आहे त्याच्यात," रमणभाई सांगतात.

* * *

रिपोर्टच्या दिवशी रमणभाई पेढे आणतात आणि पाकीट उघडायच्या आधी वाटतात. पेढे निकालानंतर वाटायचे असतात, असं मी एकदा शिक्षिकेच्या अधिकाराने सांगितलं.

"विद्याबेन, पाकीट खोलल्यावर गोड लागेल के नाही, कोने खबर? आधी खाऊन घ्या."

मी दोन खाल्ले.

* * *

गेल्या उन्हाळ्यात पेढा तोंडात असतानाच कळलं की माईंचा आकडा वर गेलाय. मॅडम म्हणाल्या, तीन महिने पाहू, नाहीतर गोळी बदलावी लागेल. ती दुसरी या वयात हृदयाला जड जाते. माई "बघू" म्हणाल्या आणि चहा घ्यायला गेल्या. रमणभाई त्या दिवशी पेढ्यांचा डबा बंद करून घरी गेले.

तीन महिन्यांनी परत तिघं आत. पेढे खाऊन झालेले. माईंचा आकडा उतरला होता. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात मॅडमनी रमणभाईंचा कागद दोनदा वाचला.

"रमणभाई, गोळी चुकली का?"

"ना, मॅडम."

"एकही नाही?"

"चुकली नाही. घेतलीच नाही." त्यांनी पिशवीतून रबर लावलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. "जुओ, एक पण बगाडली नाही."

मॅडमनी पट्ट्या मोजल्या. रमणभाईंनी जुना कागद पुढे केला. "तुम्हीच लिहिलं आहे, दुपारी जेवल्यावर. मी दुपारी जेवलोच नाही."

त्यांनी बाधा घेतली होती. बाधा म्हणजे नवसच, फक्त इच्छा पुरी होईपर्यंत आवडीची एक गोष्ट सोडायची. रमणभाईंनी तीन महिने दुपारचं जेवण सोडलं होतं.

"कशासाठी?" मॅडमनी विचारलं.

रमणभाई माईंच्या हातातल्या रिपोर्टकडे पाहत राहिले.

सगळ्यात आधी माई सावरल्या. "रमणभाई, नवस करायलाही अक्कल लागते. सोडायचंच होतं तर गवार सोडायची."

"माई, गवार तर मला आवडतच नाही. देवाला असं छेतरायचं, फसवायचं?"

मॅडमनी नवा कागद लिहिला, 'रोज एक, दिवसात जेव्हा जेवाल तेव्हा', आणि तो त्यांच्याकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतला. मग शांतपणे म्हणाल्या, "तीन महिन्यांत आकडा उतरला नाही, तर ही गोळी तुमच्या कामाची राहिली नाही असं समजायचं."

मी पार्किंगमध्ये येऊन आधी खूप हसले आणि मग स्कूटरवर बसून रडले. मला भयंकर भीती वाटली होती.

* * *

दुसऱ्या दिवसापासून माईंचा दीड वाजता व्हिडिओ कॉल सुरू झाला. रमणभाईंनी फोनसमोर गोळी जिभेवर ठेवायची, पाणी प्यायचं आणि तोंड उघडून दाखवायचं. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी सुटका नाही. लेस घ्यायला आलेल्या एका बाईने फोनपुढे जीभ काढून उभे असलेले रमणभाई पाहिले आणि ती लेस न घेताच गेली.

त्यांच्या बायकोची तक्रार वेगळी होती. "पस्तीस वर्षांत मी सांगितलेलं एक काम वेळेवर केलं नाही!"

दिवाळीत मी फराळ घेऊन नागरवाड्यात गेले. माईंनी मला आलं घालून चहा दिला आणि स्वतः गरम पाण्याचा कप घेऊन बसल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "ॲसिडिटी." या वयात असेल, असं म्हणून मी चकली उचलली.

* * *

मग तो मंगळवार आला. रमणभाई पहिल्यांदाच पेढे न वाटता बसले होते. पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. कॅन्टीनवाला सवयीने माईंचा आखा चहा घेऊन आला, तो त्यांनी माझ्याकडे सरकवला. तीन तासांत तीनदा. मी साडेतीन कप चहा प्यायले आणि छातीत धडधडायला लागलं, ते चहाने की कशाने, सांगता येत नाही.

आत मॅडमनी पाकीट उघडलं. कागद वाचला आणि वळवून रमणभाईंसमोर ठेवला.

"उतरला. होता तिथे आला."

रमणभाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. मग पिशवीतून पेढ्यांचा डबा निघाला.

"आणले होते?" मी विचारलं.

"आणले होते. काढायची हिंमत नव्हती."

मॅडमनी पेढा घेतला, मी घेतला. डबा माईंपुढे गेला. माईंनी तो हाताने बाजूला केला.

"पेढा नंतर," त्या म्हणाल्या. "विद्या, आधी चहा सांग. आखा."