वाटेतले दगड

२०२३ साल. माझं वय एकाहत्तर. पासपोर्टवर एकोणसत्तर आहे, पण ते लिहिणाऱ्याने आपल्या मर्जीने लिहिलं. शाळा चौथीपर्यंत. त्यापुढे जे शिकलो ते ओमानात, इब्रीच्या बाजारात, तिथल्या लोकांचे लांब पांढरे अंगरखे, दिशदाशे, शिवता शिवता. मशीन पायाची होती. लोक म्हणतात शिंपी हाताने कमावतो. मी पायाने कमावलं, म्हणून माझ्या पायांबद्दल कोणी काही बोललेलं मला चालत नाही.

दुकान सोडल्यावर मुलाकडे, मस्कतजवळ बरक्याला राहायला आलो. घरात तिघंच, मुलगा, सून आणि मी. त्यांना मूल नाही. त्याविषयी मी कधी बोललो नाही, आणि गावाहून, म्हसळ्याहून, कोणी फोनवर विषय काढला तर फोन ठेवून देतो.

सून मस्कतमध्ये कुरुमला एका ट्रॅव्हलच्या ऑफिसात कामाला. ती लोकांना फ्रान्सला चालायला पाठवायची. हे काम मला बरेच दिवस समजलं नाही. बघायला नव्हे, खरेदीला नव्हे, चालायला. सकाळी एका गावातून निघायचं, तळ्याच्या काठाकाठाने, गाईंच्या कुरणांतून, मग रानातून, आणि संध्याकाळी दुसऱ्या गावात पोचायचं. सामान गाडीत बसून पुढे जातं आणि माणसं पायी जातात. मी म्हटलं, यात सामानच शहाणं दिसतंय. ती हसायची आणि पुढचं सांगायची. इतक्या लोकांना तिने पाठवलं होतं की कुठल्या कुरणाचं फाटक कुठल्या बाजूला उघडतं हेसुद्धा तिला पाठ होतं. स्वतः ती एकदाही गेली नव्हती. फ्रिजवर तिथल्या एका तळ्याचा फोटो लावला होता. मधे पाणी, पलीकडे काळंभोर रान, अलीकडे तीन गाई. दूध काढायला गेलं की त्या गाई दिसायच्या.

त्या वर्षी ऑफिसने तिला सांगितलं, पुढच्या जूनमध्ये तू जा, घरच्यांना घेऊन जा, राहायची सोय आम्ही बघतो.

अडचण माझी होती. आदल्या वर्षी मी मोरीत पडलो असं घरात म्हणतात. मी पडलो नव्हतो. बसलो होतो, आणि उठायला वेळ लागला. तेव्हापासून मुलाने ठरवलं, अब्बांना एकटं ठेवायचं नाही. गावी त्याच्या बहिणीकडे जा म्हणाला. मी नाही म्हटलं, कारण जावयाचं आणि माझं टीव्हीवरून वाजलेलं आहे. मग सून म्हणाली, अब्बांनाही बरोबर नेऊ. यावर मुलगा म्हणाला, "त्यांना जमायचं नाही. मच्छी आणायला जातात तर वाटेत दोनदा बसतात."

गोष्ट खरी होती, पण बोलायची नव्हती. मी म्हटलं, कुठे चालून दाखवू ते सांग.

मी चाललो तर ती जाणार, नाहीतर गाई फ्रिजवरच राहणार. असं कोणी उघड बोललं नाही, पण तिघांनाही माहीत होतं.

जागा तिनेच शोधली. नोव्हेंबरमध्ये लागून दोन दिवस सुट्टी होती, आणि बरक्याहून दोन-अडीच तासांवर डोंगरात एक लहान गाव होतं. तिथून वर एक वाट जायची. मधे पाण्याचा डोह, त्याच्या वरच्या अंगाला बकऱ्या चरतात तो माळ, आणि अगदी वर जुनाट झाडं, आपल्याकडच्या सुरूच्या चुलत भावांसारखी. ती म्हणाली, फ्रान्सचं सगळंच आहे अब्बा, फक्त थोडं थोडं. तिने माझ्यासाठी बूट आणले होते आणि चालायच्या दोन काठ्या. एक नव्हे, दोन. मी खोका दाराशी होता तिथेच ठेवला आणि माझ्या चामडी चपला घालून गाडीत बसलो.

वाटेला लागल्यावर मी पुढे झालो. मी कोणाच्या मागे चालत नाही. लहानपणी शाळेत जाताना चालत नव्हतो, इथे अर्बाबच्याही मागे कधी चाललो नाही, आणि तो तर दुकानाच्या लायसनचा मालक होता. मुलगा मागून धापा टाकत हळू चला म्हणत होता, सून फोटो काढायला थांबत होती. मी थांबलो नाही. पाय नीट चालत होते. मशीनचे पाय आहेत ते.

आता दगडांचं. आमच्या गावात मुलांना नमाजच्याही आधी एक शिकवायचे, की वाटेत दगड दिसला, काटा दिसला, तर उचलून बाजूला टाकायचा. मागून येणाऱ्याला लागू नये. त्याने सवाब मिळतो, पुण्य. इब्रीच्या बाजारातही मी हे आयुष्यभर केलं, बाटलीच्या काचा उचलल्या, खिळे उचलले. तर या डोंगरात, वाटेच्या ऐन कडेला, कुठे मधोमधही, कोणीतरी दगडांवर दगड रचून ठेवले होते. खाली मोठा, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. मला वाटलं, बकऱ्या राखणाऱ्या पोरांचे उद्योग. अंधारात एखाद्याच्या पायात आलं तर तो थेट खाली जाईल. मी रास दिसली की मोडायचो आणि दगड एकेक करून लांब टाकायचो. मागची दोघं पोचेपर्यंत वाट साफ. त्यांना काही सांगितलं नाही. अशी कामं सांगून करत नाहीत.

डोहाच्या पुढे माळ लागला, माळाच्या पुढे ती झाडं. झाडाखाली बसून तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी खाल्ली. सुनेने मोबाइलवर फ्रान्सची वाट काढून दाखवली. बोटाने सरकवत ती सांगत होती, हे तळं, इथे जेवायला थांबायचं, या रानात उन्हाळ्यातही ओल असते. मग मुलाकडे बघून म्हणाली, "आता बोला." मुलगा म्हणाला, "बोलू काय? अब्बा चालले." इतकंच म्हणाला, पण तिने भाकरीचा शेवटचा तुकडा मला दिला.

उतरताना घोटाळा झाला. माळ संपल्यावर नुसता उघडा खडक आहे. त्यावर पायवाट उमटत नाही. चढताना सगळा डोंगर समोर असतो, उतरताना तो पायाखाली जातो आणि वेगळाच दिसायला लागतो. मी पुढे होतो. पुढे होतो म्हणून चालत राहिलो, आणि खडक जिथे संपला तिथे खाली नुसती हवा होती. मी म्हटलं, इथून नाही, तिकडून. तिकडेही तेच.

मुलगा खडकावर उभा राहून इकडे तिकडे बघत होता. "दगडांच्या राशी असतात म्हणाली होतीस," तो सुनेला म्हणाला. "राशी बघत बघत उतरायचं. एक दिसत नाहीये."

"सगळ्यांनी लिहिलंय, असतात म्हणून. येताना मी लक्ष दिलं नाही. अब्बांची पाठ दिसत होती ना."

मी म्हटलं, "त्या राशी? त्या मी काढल्या."

"काढल्या म्हणजे?"

"वाटेत होत्या. लागल्या असत्या कोणाला."

मुलाने वर माळापर्यंत नजर टाकली. मग विचारलं, "सगळ्या?"

"दिसल्या तेवढ्या."

सून खाली बसली. मला वाटलं रडते, पण तिचे खांदे हसल्यासारखे हलत होते. दोन्ही होतं बहुतेक. मुलगा हसला नाही. ऊन कलत होतं.

आम्हाला वाट सापडली नाही, वाटेलाच आम्ही सापडलो. बकऱ्यांचा आवाज आला आणि त्यांच्यामागून एक म्हातारा, माझ्याच वयाचा, हातात वाकडी काठी. सलाम झाला. माझं अरबी बाजारातलं आहे, पण पुरतं. तो मला म्हणाला, या राशी माझ्या बापाने लावल्या. पूर आले तेव्हा गेल्या नाहीत, वादळं आली तेव्हा पडल्या नाहीत, आज सकाळी अशी कोणती आफत येऊन गेली?

मुलाला एवढं अरबी कळतं. तो माझ्याकडे बघायला लागला.

मी म्हटलं, "मी."

म्हाताऱ्याने विचारलं, तू काय काम करतोस. मी म्हटलं, इब्रीत दिशदाशे शिवायचो. त्यावर तो म्हणाला, "शिवणारा माणूस उसवत कशाला सुटला?" आणि स्वतःच इतका हसला की बकऱ्या थांबल्या.

त्याने आम्हाला खाली आणलं. जिथे जिथे रास होती तिथे काठी आपटून दाखवत गेला, आणि सून प्रत्येक जागेचा फोटो घेत गेली. राशी परत लावायला उजेड नव्हता. गावात पोचल्यावर त्याने खजूर आणि कावा, त्यांची बिनदुधाची कॉफी, दिला आणि जाता जाता म्हणाला, उद्याही सुट्टी आहे, दुपारपर्यंत मस्कतचे पाहुणे येतील. मी पोरांना राशी लावायला वर पाठवेन. त्याने मला काही करायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

 गाडीत बरक्याचे दिवे दिसायला लागले तेव्हा मुलगा बोलला. "पायांचं काही म्हणणं नाही, अब्बा. पाय माझ्यापेक्षा बरे आहेत तुमचे. पण तुम्ही कोणाच्या मागे चालत नाही आणि कोणाला विचारत नाही. परक्या मुलखात, तिथल्या रानात, तुमच्यामागे धावायला मला जमणार नाही. फ्रान्स खलास."

गाडी सून चालवत होती.  घरी आल्यावर तिने दूध तापवलं, आणि फ्रिजचं दार लावल्यावर गॅसवाल्याचा नंबर लिहिलेला कागद त्या तळ्यावर लावला. गाई झाकल्या गेल्या.

मी जेवलो आणि झोपलो. विचार वगैरे काही केला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरची नमाज झाल्यावर दाराशी बसून ते बूट घातले. नाड्यांना वेळ लागला, मशीनचा दोरा ओवताना लागायचा त्याहून जास्त. दोन्ही काठ्या घेतल्या आणि गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. सून चहाचा कप घेऊन बाहेर आली. तिने बुटांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कुठे, अब्बा?"

"दगड लावायचेत. फोटो आहेत ना तुझ्याकडे? तू पुढे चाल."

मुलाला उठवलं नाही. ऊन तापायच्या आत आम्ही डोंगरात होतो. म्हाताऱ्याची पोरं अजून निघाली नव्हती. सून पुढे आणि मी तिच्या मागे. ती हळू चालते. फुलं दिसली की थांबते, पाणी दिसलं की थांबते. मीही थांबत होतो. जागा आली की ती मोबाइल बघून सांगायची, आणि मी दगड गोळा करून रचायचो. रास उभी राहिली की ती वर आणि खाली दोन्हीकडे जाऊन दिसते का बघायची. नाही दिसली तर मी मोडून परत लावायचो. काठ्यांचा उपयोग होतो. दोन असतात ते बरोबर आहे.

डोहाच्या वरच्या राशीपाशी तिने माझा वाकलेला फोटो काढून मुलाला पाठवला. थोड्या वेळाने उत्तर आलं, आणि तिने ते मला वाचून दाखवलं. अब्बांना जाड जॅकेट घ्यावं लागेल, तिथे जूनमध्येही सकाळी गार असतं.

मी म्हटलं, जॅकेटचं नंतर बघू, पुढची जागा कुठे ते सांग. ती चालायला लागली. मी हातातले उरलेले दोन दगड ठेवले आणि तिच्या मागे निघालो.