उघडी कबर

लिबियातली शस्त्रांची कोठारं लुटली गेली, त्या हिवाळ्यात बंडखोरांनी कफनात गुंडाळलेलं, खांद्यावरून विमानावर डागायचं एक क्षेपणास्त्र उंटावरून वाळवंटात आणलं. ते लपवायला त्यांनी म्हाताऱ्या इलातानकडून कबर खणून घेतली. गावची मयतं तोच पुरायचा.

"एवढी लांब कशाला, आजोबा?"

"हाताला माणसांचीच सवय आहे, बाबांनो."

उन्हाळ्यात त्यांनी ते उकरून नेलं.

"अरे, बुजवून तरी जा! उघडी कबर माणूस मागते."

"मग तुम्हीच झोपा की आत, आजोबा!" हसण्यावारी नेलं मेल्यांनी.

त्याच दुपारी आभाळात सरकारी विमान पेटलं. वैमानिकाचं प्रेत इलातानच्याच दारी आलं. त्यानं फावड्याला हातही लावला नाही. प्रेत नेऊन त्या उघड्या कबरीत निजवलं.

कबर ना बोटभर लांब पडली, ना आखूड.