पुठ्ठ्याआडचा फासा

दुपारचे साडेतीन. सहाला प्रणोती आणि इम्रान येणार आहेत. निषाद गेल्यानंतर आठ महिन्यांनी फासे टाकत गोष्ट रचण्याचा आमचा खेळ पुन्हा सुरू होतोय, आणि गोष्ट चालवणारी, वेताळ-राक्षसांच्या वतीने फासे टाकणारी, यावेळी त्याच्या जागी मी आहे. जमेल की नाही, माहीत नाही. त्याची वही पोटावर उघडी ठेवून मी पडले आहे. अक्षरं पुसट होत जातात, डोळे मिटतात.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत ब्युरेटच्या उभ्या काचनळ्यांच्या रांगेपलीकडे निषाद बसलाय, समोर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा उभा करून. त्याच्या आड तो नेहमीसारखा वीस बाजूंचा फासा टाकतो. आम्हाला फक्त आवाज ऐकू येतो. आकडा तो सांगेल तो.

"चार," तो म्हणतो. "वेताळाचा वार हुकला."

मी त्याला सांगते की हे मी मोजलंय. दोन वर्षं, चारशे सात वार. इम्रानचा योद्धा किंवा प्रणोतीची चेटकीण मरायला टेकली की वेताळाचा वार हुकतोच. एकदाही लागलेला नाही. आधी मला फासाच सदोष वाटला, म्हणून तो मागून नेऊन हजार वेळा टाकला. निर्दोष निघाला.

टेबलाखालून पाणी वाहतंय. आम्ही दोरीच्या पुलावर आहोत, जिथे त्याची गोष्ट थांबली. पुलाला आम्लाचा वास येतोय.

"म्हणजे फासा खरा आणि मी खोटा," निषाद हसतो. "त्या दोघांना सांगितलंस?"

"नाही."

"का गं? तुला तर आलेख काढल्याशिवाय झोप लागत नाही."

"काढलाय आलेख. पण योद्धा जिवंत राहिला की इम्रान खुर्चीवर चढून नाचायचा. ते मला बिघडवायचं नव्हतं."

निषाद माझ्याकडे बघत राहतो. विद्यापीठात पहिली आले तेव्हाही कुणी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

"आणि मी उगाच काळजी करत होतो, पुठ्ठ्यामागे कोण बसेल म्हणून," तो म्हणतो. माझ्या हातावर काहीतरी ठेवून माझी बोटं एकेक करून मिटवतो.

दाराची बेल वाजते, मला जाग येते. माझी उजवी मूठ घट्ट आवळलेली आहे. उघडते, तर आत फासा, आणि तळहातावर खोल, लालसर त्रिकोण. फासा कपाटातल्या डब्यात होता. झोपेत उठून मीच काढला असणार. दुसरं स्पष्टीकरण मला सुचत नाही.

दार उघडते. पुठ्ठा उभा करून त्याच्या मागे बसते.

"आज मरतोय बहुतेक मी," इम्रान म्हणतो.

"फासा ठरवेल," मी म्हणते.