बोंबल्याचा पाय दुखत नाही

माझी ताई क्रिकेट संघाची फिजिओ आहे. लोकांना वाटतं, काय मजा, फुकटात मॅच बघायची! ताईने एक मॅच धड पाहिली असेल तर शपथ. चेंडू कुठे गेला याचा तिला पत्ता नसतो, ती पाय बघत असते. आधी इस्पितळात म्हाताऱ्यांचे गुडघे वळवायची, मग एका क्लबात लागली, मग या मोठ्या संघात. तेव्हापासून अर्धं वर्ष हॉटेलांतच जातं. भाऊजी म्हणतात, "माझी कंबर धरली की ही फोनवरून व्यायाम सांगते."

तिची पद्धत साधी. अंगठ्याने दाबायचं आणि चेहरा बघायचा. कारण संघातून वगळतील या धास्तीने खेळाडू मोडकं हाडही ठणठणीत म्हणून सांगतात. बोंबल्याला मात्र ते जमायचं नाही. संघातला सगळ्यात वेगवान गोलंदाज, पण डाव्या घोट्याच्या वर नुसतं बोट लागलं तरी ड्रेसिंग रूम डोक्यावर घ्यायचा. तिथे हाडाला बारीक चीर होती. ताईने विश्रांती सांगितली होती. पण त्याचा करार संपत आला होता, त्याला खेळायचंच होतं.

त्या सामन्याच्या सकाळी ताईने नेमकं तिथेच दाबलं. बोंबल्या टेबलावर पडून शेजारच्याशी गप्पा मारत राहिला. तिने आणखी जोरात दाबलं.

"झालं का, ताई?" तो हसून म्हणाला.

ताईने अंगठा उचलला. वाकून पाहिलं, तर कातडीवर सुईचा लाल ठिपका.

"कुणी टोचलं हे?"

"कुणी का टोचेना. दुखत नाहीये ना आता?"

"अरे, दुखायला हवंय तुला!"

ती तडक प्रशिक्षकांकडे गेली. "त्याचा पाय बधिर केलाय. आज पळाला तर हाड जाईल."

त्यांनी मोबाईलमधून मानही वर केली नाही. "तो म्हणतोय दुखत नाही. मग तुम्हाला का दुखतंय?"

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ताईने दिलेल्या पासावर मी ऐटीत बसलो होतो. बोंबल्या सुसाट पळत आला की सगळे ओरडायचे, मीही घसा फोडून ओरडायचो. सीमारेषेजवळ ताई बॅग छातीशी धरून उभी होती. त्याचा डावा पाय जमिनीवर आदळला की ती डोळे मिटून घ्यायची. मला वाटलं, ऊन लागतंय.

मग तो पडला. पंचांनी हात करायच्या आत ताई धावत सुटली होती. पुढचं तिनेच मला सांगितलं.

तो खाली बसला होता, वैतागलेला. "ताई, बुटाची नाडी बघ गं, पाय नीट टेकत नाहीये."

पाऊल पार बाहेरच्या बाजूला वळलं होतं. ताईने दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला.

"माझ्याकडे बघ. खाली बघू नकोस."

"अगं, दुखत नाहीये मला," तो म्हणाला. "बांध ना लवकर. ओव्हर राहिलीय माझी."