टाकीवरचे मोर

रस्ता रुंद झाला आणि गावातल्या उंच चिंचा गेल्या. तेव्हापासून मोर दिवेलागणीला पाण्याच्या टाकीवर मुक्कामाला येतात. काल त्यांना कठड्यावर ओळीनं बसलेलं पाहून मी म्हटलं, "छान जुळवून घेतलं की यांनी!"

पाणी सोडणारे किसनराव खाली व्हॉल्व्ह फिरवत होते. "कसलं जुळवून, गुरुजी? थंडीत लोखंड चावतं पायांना. दुपारी कठड्याला काथ्या गुंडाळला. निम्म्यातच संपला."

रस्त्यासाठीच्या अर्जावर माझीही सही होती. दुसऱ्यानं जुळवून घेतलं, असं म्हणणं किती सोयीचं असतं! मी पुन्हा वर पाहिलं. काथ्यावर दाटीवाटी झाली होती. उघड्या लोखंडावर एक लांडोर बसली होती. एक पाय पोटाशी घेई, मग तो टेकवून दुसरा.